गावच्या सौरशेतीत गावाचा हिस्सा असावा

वाई तालुक्याच्या पश्चिम भागात कृष्णेवर धोम आणि बलकवडी अशी दोन धरणे आहेत. त्यांच्या कालव्यांवर, नदीकाठच्या विहिरींवर व उपसा योजनांवर ऊस, हळद, आले, गहू आणि भाजीपाला उभा आहे. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि माळरानाची, कोरडवाहू गावे लागतात. परंतु बागायती गाव असो वा जिराईत, विहिरीवर मोटर असलेल्या शेतकऱ्याची एक अडचण सर्वत्र सारखीच राहिली आहे. विहिरीत पाणी असते, पण ते उपसावयाची वेळ शेतकऱ्याच्या हाती नसते. शेतीपंपांना काही दिवस दिवसा आठ तास व काही दिवस रात्री दहा तास असा पाळीपाळीने वीजपुरवठा करण्याची रीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. रात्रपाळीच्या आठवड्यात हाती बॅटरी व काठी घेऊन उसाच्या सरीत दारे धरावयास जाणाऱ्यास घोणस, बिबट्या आणि थंडी या तिन्हींशी गाठ घालून घ्यावी लागते. घरातील माणसे तो परत येईपर्यंत जागी असतात. शिवाय रात्री सोडलेले पाणी कोठे फुटले, कोठे साचले, हे अंधारात दिसत नाही आणि पाणी व खत दोन्ही वाया जातात.

या अडचणीवरील उपाय आता दृष्टिपथात आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ साली तिचा दुसरा, अधिक विस्तृत टप्पा हाती घेतला. योजनेचे तत्त्व सोपे आहे. विजेच्या उपकेंद्राजवळ काही एकर जागेवर सौर पॅनेल, ज्यांस शेतकरी 'प्लेटा' म्हणतात, त्या उभारावयाच्या. त्यांची वीज थेट उपकेंद्रात सोडावयाची. आणि त्या उपकेंद्रावरील शेतीपंपांची वाहिनी दिवसा चालवावयाची. दुसऱ्या टप्प्यातील ५ प्रकल्प, एकूण १९ मेगावॅट क्षमतेचे, ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प त्यांपैकीच एक होय. प्रत्येक विहिरीवर वेगळा सौरपंप बसविण्यापेक्षा ही रीत अनेक ठिकाणी सोयीची ठरते. चालू मोटर बदलावी लागत नाही, ढगाळ दिवशी नेहमीच्या जाळ्यातील वीज मदतीस येते, आणि पंप बंद असताना तयार झालेली वीज वाया जात नाही.

दिवसा वीज मिळावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो दुसऱ्याच प्रश्नाचा. ही सौरशेती गावाच्या हद्दीत, गावाच्या जमिनीवर, गावाच्या उन्हात उभी राहणार. तिची मालकी कोणाकडे राहणार?

सातारा जिल्ह्याचा अनुभव

हा प्रश्न सातारा जिल्ह्याला नवा नाही. कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज तयार होऊ लागली आणि टप्प्याटप्प्याने या प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॅटच्या वर गेली. महाराष्ट्राच्या उद्योगांना त्या विजेने बळ दिले, याचा जिल्ह्याला अभिमान आहे. परंतु धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या विस्थापितांचे प्रश्न पुढे दशकानुदशके रेंगाळत राहिले, हेही विसरता येत नाही. पुढे १९९० नंतरच्या काळात पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर आणि चाळकेवाडीच्या परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा डोंगरावरच्या गावांचा होता. पवनचक्क्यांची मालकी मात्र मुख्यत्वे बाहेरील कंपन्या व गुंतवणूकदार यांच्याकडे राहिली. गावाच्या वाट्यास आली ती जमिनीची एकदाच मिळालेली किंमत आणि थोड्याफार राखणीच्या नोकऱ्या. यात सर्वस्वी कोणाचा दोष होता असे नाही. त्या वेळी गावापाशी भांडवल नव्हते, माहिती नव्हती आणि आपणही विजेचे उत्पादक होऊ शकू, असा विचारही कोणी गावकऱ्यांपुढे मांडला नव्हता.

पाणी व वारा यांच्या बाबतीत जे घडले, ते सूर्याच्या बाबतीतही घडलेच पाहिजे असे नाही. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या कुसुम योजनेच्या 'अ' घटकात अर्धा ते दोन मेगावॅट क्षमतेचे सौरप्रकल्प उभारण्याची मुभा वैयक्तिक शेतकऱ्यांप्रमाणेच शेतकरी गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या व पाणी वापर संस्था यांनाही दिली. २०२४ साली या घटकाची सांगड कृषी पायाभूत सुविधा निधीशी घालण्यात आली. या निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद होती. म्हणजे गावाने मालक व्हावे की नाही, हा प्रश्न कायद्याने किंवा योजनेने अडविलेला नव्हता. तो गावाच्या तयारीचा प्रश्न होता आणि आजही आहे.

भाडे आणि मालकी यांचा हिशेब

प्रश्न भावनेने सोडविण्याजोगा नाही. हिशेब मांडला पाहिजे. १ मेगावॅट सौरप्रकल्पास ४ ते ५ एकर, म्हणजे सुमारे २ हेक्टर जागा लागते. आपल्या हवामानात त्यापासून वर्षाकाठी १५ लाखांच्या आसपास युनिट वीज मिळते. सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक किमान सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. म्हणजे २ हेक्टर जमिनीच्या मालकास पहिल्या वर्षी अडीच लाख रुपये मिळणार. उलट १५ लाख युनिट वीज युनिटला ३ रुपये दराने विकली, असे धरल्यास ४५ लाख रुपये येतात. एवढे दोन आकडे समोर ठेवले, की भाडेपट्टा म्हणजे गावाचे नुकसान, असे कोणासही वाटेल.

परंतु अर्ध्या हिशेबावर निर्णय करणे धोक्याचे असते. १ मेगावॅटचा खर्च ढोबळ मानाने ४ कोटी रुपये धरावा. त्यातील १ कोटी २० लाख सभासदांनी भागभांडवल म्हणून उभे केले आणि उरलेले २ कोटी ८० लाख १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर वर्षाचा हप्ता सुमारे ३७ लाख रुपये बसतो. राखण, धुलाई, दुरुस्ती व विमा यांसाठी ५ लाख रुपये सोडले, तर हाती ३ लाख उरतात. आणि यात जागेचे भाडे नाममात्र धरलेले आहे. हे ३ लाखही वाटून टाकता येणार नाहीत. कारण विजेचे रूपांतर करणारा इन्व्हर्टर १०-१५ वर्षांत बदलावा लागतो. कर्ज फिटल्यानंतर मात्र चित्र पालटते. प्लेटांची शक्ती दरवर्षी थोडी घटत असली, तरी उरलेल्या १० वर्षांत साली ३५ लाखांच्या आसपास रक्कम संस्थेकडे राहू शकते. पंचवीस वर्षांचा एकत्र विचार करता सभासदांच्या पैशावर मुदतठेवीच्या जवळपास परतावा पडतो. कर्ज स्वस्त मिळाले किंवा व्याजसवलत मिळाली, तर तो वाढतो. दर युनिटला पावणेतीन रुपयेच मिळाला, तर पहिल्या वर्षांत हप्ता भरणेही जड जाते.

सौरशेती ही झटपट श्रीमंतीची वाट नव्हे, हे या हिशेबावरून स्पष्ट व्हावे. तसे आश्वासन देऊन कोणी भाग गोळा करू लागला, तर शेतकरी बंधूंनी सावध राहावे. मग मालकीचा आग्रह कशासाठी? मालकीबरोबर अधिकार येतो म्हणून. प्रकल्प कोणत्या जागेवर व्हावा, चराईची वाट कोठून सोडावी, कामावर कोणास घ्यावे, नफ्यातून आधी शाळेची दुरुस्ती करावी की पाणवठ्याची, आणि २५ वर्षांनी त्या जागेचे काय करावे, हे सर्व जो मालक असेल तो ठरवितो. भाडेकरूस जमीन दिलेल्या गावाने हे प्रश्न विचारावयाचे म्हटले, तर करारावर सही होण्यापूर्वीच विचारले पाहिजेत. पुढील पाव शतक त्यास पुन्हा संधी नाही.

सहकाराचे दोन धडे

गावाने वीज तयार करावी असे म्हणताच सहकारातील जुने अनुभव पुढे येतात, आणि ते येणे योग्यच आहे. ग्रामीण विद्युतीकरणासाठी देशात १९६९ च्या सुमारास ज्या पहिल्या पाच वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था यांचा समावेश होता. मुळा-प्रवरेने अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, खेडोपाडी वीज पोहोचविली. परंतु पंपांची वसुली, तारांतील गळती आणि वीज मंडळाचे वाढते देणे यांचा मेळ अखेरपर्यंत बसला नाही. २०११ साली तिच्या क्षेत्रातील वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था मात्र आजही आपल्या भागात वीज वाटते. सहकार वाईट किंवा चांगला नसतो. वसुली, हिशेब व शिस्त ही वाईट किंवा चांगली असतात.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा. मुळा-प्रवरा वीज विकत घेऊन हजारो ग्राहकांना वाटणारी संस्था होती. गावची सौरसंस्था ही वीज तयार करून एकाच ग्राहकास, म्हणजे महावितरणला, विकणारी संस्था असेल. तिला कोणाच्या बांधावर बिल मागावयास जावे लागणार नाही. यामुळे जुन्या संकटांपैकी सर्वांत मोठे संकट टळते. परंतु दुसरे उभे राहते. एकमेव ग्राहकाने देयक वेळेवर दिले नाही, तर बँकेचा हप्ता थांबतो. म्हणून करारात देयकाची मुदत व विलंबाचे व्याज यांची स्पष्ट तरतूद असावी आणि संस्थेने निदान सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी गंगाजळी अलग ठेवावी.

लहान प्रमाणावर सुरुवात करून यश मिळविल्याचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील ढुंडी या गावी अवघ्या सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन २०१६ च्या सुमारास सौर सिंचन सहकारी मंडळी चालू केली. ते आपल्या सौरपंपांनी शेत भिजवू लागले आणि उरलेली वीज वीज कंपनीस विकू लागले. परदेशातील उदाहरण पाहावयाचे, तर डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरासमोर समुद्रात २००१ मध्ये पूर्ण झालेल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या ८,५०० हून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या, तर निम्म्या शहराच्या वीज कंपनीच्या मालकीच्या होत्या. या दुसऱ्या उदाहरणातील वाटणी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्व मालकी गावाची किंवा सर्व बाहेरच्याची, असे दोनच मार्ग नाहीत. निम्मा हिस्सा, चौथा हिस्सा, हाही हिस्साच होय आणि हिस्सेदाराचे म्हणणे ऐकावे लागते.

वाईच्या परिसरातील गावांनी प्रारंभ करावयाचा तो अर्ध्या मेगावॅटने करावा. वरील हिशेबाने त्यास सुमारे २ कोटी रुपये लागतील आणि सभासदांचा वाटा ६० लाखांचा होईल. ३०० कुटुंबांनी प्रत्येकी २० हजार रुपयांचा भाग घेतला, तर तो उभा राहतो. प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे भांडवलही शेतकऱ्यांच्या लहान लहान भागांनीच उभे राहिले होते, आणि पुढे भुईंजपर्यंत कारखानदारी पसरली ती त्याच वाटेने. भूमिहीन कुटुंबांना भागाची रक्कम हप्त्याने किंवा मजुरीतून भरण्याची सोय ठेवावी. ज्यांच्यापाशी विहीर आहे, त्यांनाच सूर्याचा लाभ मिळावा हे न्याय्य नव्हे.

जमीन आणि पाणी

प्रकल्पाच्या जागेचा निर्णय अत्यंत काळजीने करावयास हवा. शासकीय जमीन नाममात्र भाड्याने मिळू शकते म्हणून गायरानाकडे प्रथम लक्ष जाते. कागदावर ती पडीक दिसते; प्रत्यक्षात तेथे गावातील गरिबांच्या शेळ्या, मेंढपाळांचे कळप आणि पावसाळ्यात गुरे चरतात. ज्यांना सातबारा नाही, त्यांच्यासाठी गायरान हाच सातबारा होय. त्यामुळे गायरानाचा तुकडा द्यावयाचा झाल्यास ग्रामसभेत, चराई करणाऱ्यांच्या उपस्थितीत, किती क्षेत्र जाते, किती उरते आणि पाणवठ्याची वाट कोठून राहते, हे नकाशावर आखून ठरवावे. प्लेटा पुरेशा उंच बसविल्यास त्यांखालील गवत कापून नेता येते. ही अट करारात घालता येते. डोंगरमाथ्यावरील सडे व पठारे मात्र या कामी वापरू नयेत. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आहे. त्यालगतच्या पश्चिम वाईतील गावांनी हे विसरू नये. बागायती काळी जमीनही प्लेटांखाली घालणे शहाणपणाचे नाही. पूर्व भागातील, उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आतील मुरमाड माळ हीच सर्वांत योग्य जागा. तेथे पाऊस कमी, ऊन अधिक आणि जमिनीची दुसरी उपयुक्तता थोडी. हळद व आले ही वाईची पिके काही प्रमाणात सावली सोसतात. उंच मांडणीखाली ती घेऊन पाहण्याचा प्रयोग कृषी संशोधन केंद्राच्या मार्गदर्शनाखाली एखाद्या गुंठ्यावर अवश्य करावा. त्यासाठी मांडणीचा खर्च वाढतो, हे मात्र आधी जमेस धरावे.

पाण्याची गोष्ट याहूनही नाजूक आहे. शासनाने एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. मोफत वीज आणि तीही दिवसा, अशी दोन्ही सुखे एकत्र आली म्हणजे मोटर बंद करण्याचे कारण उरत नाही. ढुंडीच्या शेतकऱ्यास न उपसलेल्या पाण्याचे, म्हणजे वाचविलेल्या विजेचे, पैसे मिळतात. वाहिनीवरील शेतकऱ्यास ते मिळत नाहीत. तेव्हा जे काम पैसा करीत नाही, ते नियमाने केले पाहिजे. कालव्याच्या पाण्याला शेजपाळी असते आणि तिचे पालन न केल्यास शेवटच्या शेतकऱ्याचे पीक वाळते, हे धोमच्या लाभक्षेत्रातील प्रत्येकास ठाऊक आहे. विहिरींनाही तशीच पाळी ग्रामसभेने बांधून द्यावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी घातली व पाणी अधिक लागणाऱ्या पिकांना आवर घातला. म्हणूनच तेथील विहिरींना पाणी टिकले. सौरवाहिनी येण्याच्या आधी ज्या गावाने ठिबक आणि पाळी यांचा निर्णय केला, त्या गावास दिवसाची वीज वरदान ठरेल. ज्याने तो केला नाही, त्याच्या विहिरी दिवसाढवळ्या कोरड्या पडतील.

भाडेपट्टा करावयाचाच झाल्यास

सर्व गावांना भांडवल जमविणे शक्य होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. अशा ठिकाणी भाडेपट्ट्याने प्रकल्प येऊ द्यावा. दिवसाची वीज येणे हेही थोडे नव्हे. परंतु काही अटी ग्रामसभेच्या ठरावात आधी नमूद कराव्यात. राखण व धुलाईची कामे गावातील तरुणांना व बचत गटांना मिळावीत. प्लेटा धुण्याचे पाणी पिण्याच्या विहिरीतून उचलले जाऊ नये. मुदत संपल्यावर लोखंड, काँक्रीट व निकामी प्लेटा उचलून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कंपनीवर असावी व त्यासाठी अनामत रक्कम ठेवलेली असावी. सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला ३ वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. ही रक्कम कमान किंवा सभामंडपात न घालविता गावच्या पहिल्या सामाईक सौरसंचाचे बीजभांडवल करावे. पाणीपुरवठ्याचा पंप, शाळा, अंगणवाडी व दवाखाना यांच्या छतांपासून ते काम सुरू होऊ शकते.

याच सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी या लहानशा गावाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम होण्याचा मान मिळविला. तेथे मोठी कंपनी आली नव्हती. घराघरांवर प्लेटा बसल्या आणि गाव आपल्या विजेचा धनी झाला. डोंगरातील एका वाडीला जे साधले, ते कृष्णाकाठच्या संपन्न गावांना असाध्य का असावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या कामी ग्रामपंचायत अधिकारी व कृषी विभागाचे गावपातळीवरील कर्मचारी यांचे कार्य केवळ अर्ज भरून घेण्यापुरते नाही. सर्वप्रथम त्यांनी जवळच्या उपकेंद्राची क्षमता किती शिल्लक आहे व कोणत्या योजनेच्या कोणत्या अटी चालू आहेत, याची लेखी माहिती महावितरणकडून मिळवावी. योजनांच्या मुदती व दर बदलत असतात आणि ऐकीव माहितीवर भाग गोळा करणे हा अपराध होय. नंतर भाडेपट्टा, हिस्सा व पूर्ण मालकी या तिन्ही मार्गांचा हिशेब फळ्यावर मांडून ग्रामसभेस समजावून सांगावा. त्यात नफ्याबरोबर धोकाही सांगावा. गारपीट, तारांची चोरी, रखडलेली देयके आणि ढगाळ पावसाळा यांचा उल्लेख न करणारा हिशेब अपुरा समजावा. शेवटी निर्णय ग्रामसभेवर सोपवावा आणि तो लेखी ठेवावा.

वाईच्या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीने, पाळीपाळीने साजरा होतो. कोणत्याही एका आळीची ती मिरास नाही, म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला. नदीच्या बाबतीत जी समज या भूमीने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, ती सूर्याच्या बाबतीत दाखविण्याची वेळ आली आहे. दिवसाची वीज गावात येणार, हे आता जवळजवळ निश्चित आहे. ती येताना गाव केवळ जागा देणारा असेल की हिस्सेदार असेल, एवढेच ठरावयाचे उरले आहे. आणि ते करारावर सही होण्यापूर्वी, भर ग्रामसभेत ठरले पाहिजे.